हायरे माई

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. अमावास्येला मुद्दाम नखं कापणारा माणूस मी. त्यामुळे हे लिहितोय ते कुणाला पटवायला नाही... मनावर ओझं आहे, एवढंच.

२०१६ चा ईस्टर. ऑकलंडला माउंट रॉस्किलमध्ये भाड्याच्या घरात मी एकटाच राहायचो. सलग सुट्टी आणि बोलायला कुणी नाही, म्हणून रोटोरुआच्या बाजूच्या एका माओरी गावाची डे-ट्रिप घेतली. माझी आई — आम्ही तिला माई म्हणायचो — आदल्या दिवाळीनंतर सांगलीला वारली. फार मानी बाई. सख्ख्या बहिणीकडेही आमंत्रणाशिवाय जायची नाही. "बोलावल्याशिवाय कसं जायचं रे?" फोनवर इथले फोटो बघून नुसतं "छान आहे हो तुझं गाव" म्हणायची. मी म्हणायचो, "बघू, पुढच्या समरला." "ये" असं कधी म्हणालोच नाही.

गावाच्या फाटकाशी आमचा ड्रायव्हर हेमी म्हणाला, "हाक आल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. तुमच्याबरोबर तुमची गेलेली माणसंही येतात, हाक त्यांनाही असते." मग मला कोपर मारून, "एकटाच, ब्रो? बायको पळाली?"

"लग्नच केलं नाही."

"स्वीट ॲज, मस्तच! पळायचा प्रश्नच नाही."

तेवढ्यात समोरच्या सभाघराच्या ओसरीवरून काळ्या कपड्यांतल्या एका वृद्ध बाईंनी लांब, रडवेल्या सुरात हाक घातली — हायरे माई... त्यांच्या भाषेत 'इकडे या'. माझ्या कानांना मात्र फक्त 'माई' ऐकू आलं. मान खाली घालून चालत राहिलो. आम्ही सगळे ओसरीपाशी पोचलो, तरी बाईंनी फाटकाकडे बघत पुन्हा एकदा हाक घातली. पद्धत असेल, मला वाटलं.

मग नाकाला नाक, कपाळाला कपाळ टेकवून स्वागत. रांगेत मी शेवटचा. माझं झाल्यावर बाई माझ्या डावीकडे वळल्या, खूप खाली वाकल्या आणि डोळे मिटले. तिथे कुणीच नव्हतं. माई शेवटी कमरेत वाकली होती, माझ्या छातीपर्यंतही यायची नाही...

चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या. सगळे त्यांना आँटी म्हणत होते. "आईला खुर्ची दे ना, लव्ह. पाय दुखत असतील तिचे."

"आँटी, मी एकटाच आलोय."

त्यांनी माझ्या शेजारी पाहिलं, मग माझ्याकडे. "फाटकाशी उभी होती. तुम्ही सगळे आत आलात तरी येईना. म्हणून परत बोलावलं."

बसमध्ये कुणी वयस्कर बाई नव्हती. हेमीलाही विचारून खात्री केली. उन्हात आँटींची नजर चुकली असेल, किंवा सगळ्याच एकट्या पाहुण्यांना त्या असं म्हणत असतील... पण माईचा स्वभाव त्यांना कुणी सांगितला?

खुर्ची मात्र मी आणली होती. शेजारी मांडली आणि हळूच म्हणालो, "ये माई, बस."

हेमी बघत होता. पण या वेळी त्याने थट्टा केली नाही.