रणगाड्यांचे अकरा फॉर्म

भाऊजी,

तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून लिहिते आहे. फोनवर ओरडले असते तर सगळ्या इमारतीला कळलं असतं.

नात कॉलेजातून प्रश्न घेऊन आली. "आजी, शांतता राखायला देशादेशांची एवढी मोठी संस्था आहे. मग एक देश दुसऱ्यावर चालून जातो तेव्हा ती करते काय?" म्हटलं, "तुझ्या चुलत आजोबांना विचार, त्या संस्थेचा दांडा त्यांच्याच हातात होता." ती हसत सुटली. मग मीच सगळं सांगितलं. चुकलं असेल तर कळवा.

तुम्ही त्या संस्थेच्या शांतिसेनेत गेलात ते गाड्यांचे मेकॅनिक म्हणून. निम्मं आयुष्य पांढऱ्या जीपखाली, उरलेलं हाताचं काळं तेल काढण्यात. दोन देशांमधल्या पुलावर तुमची चौकी : पत्र्याची खोली, टेबल, स्टोव्ह आणि रस्त्यावर आडवा लाल-पांढरा दांडा. पहाऱ्यावरच्या शिपायाचं पोट बिघडलं, म्हणून त्या सकाळी डोक्यावर निळी टोपी घालून दांड्यापाशी तुम्ही उभे. आणि पलीकडच्या देशातून रणगाडे आले.

तुम्ही वायरलेसवरून मुख्यालय गाठलंत. साहेबांनी विचारलं, "किती आहेत?"

"शेवट दिसत नाही, साहेब."

"नक्की आकडा सांगा. गोळी झाडायची नाही. निषेध नोंदवा."

"कुठल्या वहीत?"

तुम्ही हे थट्टेनं विचारलं नव्हतं. तुम्ही आहातच तसे.

पुलाच्या अलीकडे गाव होतं. पावाच्या भट्टीवरची बाई धावत आली. "ए तेलकट! माणसं टेकडीपलीकडे न्यायची तर तासभर तरी लागेल. माझ्या सासूला तर उचलूनच न्यायचीय. तेवढं धरून ठेव त्यांना!" कशानं धरायचं? तुमच्याकडे एक लाकडी दांडा आणि खिशात पाना.

तेव्हा तुम्हाला फॉर्म आठवला. पूल ओलांडणाऱ्या प्रत्येक वाहनाचा, तीन प्रतींत. दुधाच्या टेम्पोलाही तो चुकला नव्हता.

"दांडा उचल," त्यांचा अधिकारी म्हणाला.

"उचलतो ना. आधी फॉर्म."

"अरे, रणगाडे आहेत हे!"

"वाहनाचा प्रकार. पहिलाच रकाना आहे, तिथं लिहा."

त्यानं तुम्हाला तिथंच चिरडलं असतं. पण त्याच दिवशी त्यांच्या सरकारला संस्थेच्या बैठकीत साळसूद चेहऱ्यानं बसायचं होतं, म्हणून निळ्या टोपीला धक्का लावायचा नाही असा हुकूम होता. बिचारा लिहायला बसला.

"प्रयोजन?"

"सराव."

"परत येण्याची वेळ?"

अधिकाऱ्यानं तो रकाना कोराच सोडला. मागचा रणगाडेवाला मात्र फिस्सकन हसला म्हणे.

पहिला फॉर्म भरून झाला आणि तुमच्या लक्षात आलं, कार्बन उलटा घातलाय. "पुन्हा लिहावं लागेल, साहेब." आणि त्यानं पुन्हा लिहिलं! मुद्दाम केलंत का, असं मी तुम्हाला तीनदा तरी विचारलं असेल. दरवेळी एकच उत्तर : "वहिनी, घाईत माणूस चुकतोच."

अकरा फॉर्म, पन्नास मिनिटं. मग अधिकाऱ्याला वरून हुकूम आला आणि दांडा काडीसारखा मोडला. रणगाडे गावात शिरले तेव्हा गावात उरल्या होत्या कोंबड्या. भट्टीवाली सगळ्यांत मागे, पाठीवर सासू. आणि सासूच्या डोक्यावर मळलेल्या पिठाचं घमेलं!

या हल्ल्यावर संस्थेची बैठक भरली ती तिसऱ्या दिवशी, बैल गेला नि झोपा केला. हल्ला थांबवायचा ठराव आला. पण ज्या मोजक्या देशांच्या एका 'नाही'नं ठराव बुडतो, त्यांतलाच एक रणगाडे पाठवणारा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! बाकीच्यांनी निषेधाची भाषणं ठोकली, पण आपली पोरं पाठवायची म्हटल्यावर जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला.

नात म्हणाली, "मग बंदच करा ना ती संस्था."

मी खवळले. "ती नसती तर फॉर्मही नसता. त्या पन्नास मिनिटांची किंमत त्या सासूला विचार! बंद करायला अक्कल लागत नाही; त्या दांड्यामागे बळ उभं करायला लागते."

संस्थेनं तुमचं कौतुक केलं नाही. पत्र आलं : अकराही फॉर्मांत परतीच्या वेळेचा रकाना कोरा का? खुलासा करावा. पोट धरून हसलात तुम्ही. मग सुट्टीवर आलात तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात बसून चार पानी खुलासा लिहिलात. शेवटी मागणी केलीत : पुलावरच्या माणसानं हाक मारली की कुमक त्याच तासाला निघावी, बैठकीची वाट बघू नये. जाताना पाकीट माझ्या हातात दिलंत. "वहिनी, तुमचं शुद्धलेखन चांगलं. एकदा नजर घाला आणि पोस्टात टाका."

नजर घातली. फार मवाळ वाटलं. म्हटलं, जरा कडक भाषेत लिहून काढू. मग शाळेतले परीक्षेचे पेपर तपासायला आले, मग तुमच्या भावाचं ऑपरेशन.

तुम्ही कधी विचारलं नाहीत. उत्तर येत नाही याचं तुम्हाला नवलही वाटलं नसेल, संस्थाच तशी. पण यात तिचा दोष नाही, भाऊजी. ते पत्र मी टाकलंच नाही.