मुडदा काही निजेना

रसिक मायबापहो, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की मुलचेऱ्याजवळच्या एका मंडपात एक माणूस दुपारभर मरत होता आणि मुगाएवढी ठिणगी त्याला मरू देत नव्हती.

काल घरच्या पंपाच्या स्टार्टरमधून ठिणगीचा तोच जळका, तिखट वास आला आणि मी मनाने थेट पूर्व विदर्भातल्या त्या झाडीपट्टीच्या नाटकात पोचलो. मोटरवर पडदा चालवायची हौस माझी. त्या रात्री प्रयोग होता. तालमीत आमचे नायक धनाभाऊ मेले, पडदा मिटला आणि लगेच आपोआप उघडला. मुडदा पाठ खाजवत बसलेला!

"मेला का उठते, मेला का उठते!" नायिका सुमनबाई कडाडल्या. "माह्या रडण्यावर लोकं हसतीन ना गा!"

मी पडद्याच्या मोटरच्या कंट्रोल डब्यात डोकावलो. मोटरला वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर बंद होताना त्याच्या कॉइलमधली वीज उसळायची, त्याला चालवणाऱ्या छोट्या स्विचमध्ये, म्हणजे रिलेत, निळी ठिणगी पडायची आणि त्या झटक्याने या साऱ्यांना हुकूम देणारा बोर्ड भांबावून पहिल्यापासून सुरू व्हायचा. त्याचं पहिलं काम पडदा उघडणं! मी मेन स्विच बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि कॉइलच्या दोन टोकांवर रेझिस्टर व कपॅसिटरची छोटी जोडी बसवली.

वीज परत चालू केली, धनाभाऊ पुन्हा मेले. आम्ही रिलेकडे पाहत होतो. नुसतं 'टक' झालं, ठिणगी नाहीच. एवढी उसळती वीज शेंगदाण्याएवढ्या वस्तूने गुपचूप गिळली होती.

पडदा मिटलेलाच राहिला आणि त्यामागून मुडदा ओरडला, "मेलो रे बाप्पा, एकदाचा मेलो!"