मावशीची पाठ आणि आमचं मशीन

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याच्या बाजारात पत्रकं वाटत होते. ‘पाठदुखी हे नशीब नव्हे!’ मथळा माझाच. मावसभाऊ एवढंच म्हणाला, “ताई, आई गेली.” या गोष्टीला महिना होत आला. मावशीच्या गावात, जोह्यात, लोक म्हणतात, वय झालं होतं. साफ खोटं. अठ्ठावन्न हे काही मरायचं वय नाही.

जनामावशी जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात होती. साच्यातून निघालेल्या प्लास्टरच्या गणपतींचे सांधे उकिडवं बसून घासायचे, गुळगुळीत करायचे, आयुष्यभर हेच. दुपारची भाकर झाली की बायका पोत्यांवर पालथ्या पडत आणि मूर्ती घासायचं तेच मशीन एकमेकींच्या पाठीवर चालवत. पॉलिश पेपर काढलेला, खाली जुन्या लुगड्याची घडी. थरथर पार आत जाते म्हणत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भडकलेच. “माणसाची पाठ म्हणजे प्लास्टर आहे का?” तर पालथी पडलेली एकजण म्हणाली, “आमचा डाक्टर बरा हाय गो. लाईट गेली की गप तरी बसतो. तुझं त्ये बी नाय!” सगळ्या हसल्या. मावशी सगळ्यांत मोठ्याने.

मी हट्टाला पेटले. कामगार बायकांसाठी लढणाऱ्या आमच्या गटाने रोह्याशेजारी वरसे गावात एक खोली घेतली, कंपन-मालिशचं खरंखुरं मशीन आणलं. मणक्यावर ठेवायचं नाही, दोन्ही बाजूंनी फिरवायचं, म्हणजे कंपनं कण्यालगतच्या खोल स्नायूंपर्यंत पोचतात, हे सगळं मी सोबतच्या पुस्तिकेतून पाठ केलं. पत्रकावर ‘शास्त्रीय उपचार’ असं जाड ठशात छापलं. आमच्यात डॉक्टर एकही नव्हता. ते कुठेच छापलं नाही.

जोह्यातून एकटी मावशी आली. दर रविवारी बसने पेण, तिथून गाडीने रोहा, मग चालत वरसे. दुखत्या पाठीने. “भाचीची खोली ओस पडली तर लोक काय म्हणतील?” मी मशीन फिरवायची, विचारायची, “बरं वाटतंय ना?” ती तोंड खाली घालूनच सांगायची, “व्हय गो, मोकळं वाटतं.” मी वहीत ‘सुधारणा’ लिहायची. बाहेर थांबलेल्या वरशाच्या बायकांना ती सांगायची, माझ्या भाचीच्या हाताला गुण हाय…

एकदाच, साडी सारखी करताना, ती हळूच बोलली. “गो, ह्ये मासात नाय दुखत. हाडात दुखतंय. आन् सांजचा ताप बी येतो.” मी पुस्तिकेतलं वाक्य तिच्या तोंडावर फेकलं. “खोल स्नायूचं दुखणं हाडात असल्यासारखंच वाटतं, मावशी. धीर धर.”

तिने धरला. मग एके दिवशी कारखान्यात उठायला गेली आणि पायच उठले नाहीत. पेणला एक्स-रे काढला. मणक्याचा क्षय. दोन मणके खाऊन टाकलेले. डॉक्टर चिडून म्हणाले, “वेळेवर आणलं असतं तर गोळ्यांनी बऱ्या झाल्या असत्या. इतके महिने काय करत होता?” मी खाटेशीच उभी होते. माझ्याआधी मावशी बोलली. “काय नाय, अंगावरच काढलं म्या.”

…आणि मी गप्प बसले. सभेत कुणालाही गप्प बसू न देणारी मी.

त्यानंतर पाय परत आलेच नाहीत. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, जखमांचं विष अंगभर गेलं. कारखान्याच्या मालकाने कधी कुणाची तपासणी करून घेतली नाही, हे मी चौकात ओरडून सांगू शकते. ते खरंही आहे. पण एक्स-रे काढा, असं मीही कधी म्हटलं नाही. मागणी करणं हे आमचं काम आणि आम्ही मागितली थरथर.

गेल्या रविवारी खोली बंद करायला गेले. मालिशचं बाकडं दारातून निघेना, म्हणून आडवं केलं. डोक्याकडच्या बाजूला, खालून, रेक्झिन दोन ठिकाणी फाटलेलं होतं. उंदरांनी कुरतडलं असेल असं वाटलं. हात घातला. दोन्ही ठिकाणी चार-चार बोटांच्या खोल खाचा. आतल्या स्पंजात पांढरं प्लास्टर रुतलेलं, नखांतून आलेलं. मी मशीन फिरवत होते तेव्हा ती इथे धरून असायची. तिथून दोन हातांवर मी उभी असायचे. बघत असायचे ते पाठीकडे.