रेषेबाहेरचा दीड इंच

दहा थर कापड टेबलावर अंथरलेलं, खडूच्या रेषा मारून झालेल्या, आणि मला कात्री उचलेना. खांदा धरला होता. पुंडलिकनगरातल्या आमच्या शिवणाच्या युनिटमध्ये सहा मशिनी. सहाही बायका माझ्या तोंडाकडं बघत बसल्या. चितेगावच्या एका कंपनीच्या कामगारांचे ड्रेस सोमवारी द्यायचे होते. ऑर्डर गेली तर यांना काम कुठून देणार?

कटिंग मी कधी कुणाला दिलं नव्हतं. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड परत अख्खं होत नाही.

त्यातल्या शोभाला म्हटलं, "घे कात्री."

"मी? काकू, मागं नुसता हात लावला तर आठ दिवस बोलल्या नाय तुम्ही."

"चारच दिवस. घे."

तिनं अगदी रेषेवर कापलं. पहिली पॅन्ट आम्ही धुऊन बघतो. बघितली, तर दीड इंच आखूड. नेमके तेव्हाच कंपनीचे साहेब आले, आखूड पॅन्ट आणि शोभाच्या हातातली कात्री बघितली.

"काकू, कटिंग तुम्ही करत असाल तरच ऑर्डर. नाहीतर कापड न्यायला गाडी बोलावतो."

शोभा रडवेली झाली. "मी रेषेवरच कापलं."

व्हय, रेषेवरच. सुती कापड पाण्यात आटतं, म्हणून मी पायाशी दीड इंच रेषेबाहेरून कापते. इतकी वर्षं नुसत्या अंदाजानं. सांगायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

साहेबांना म्हटलं, "चूक माझी. पायाशी दीड इंच जास्त धरायचं, हे हिला सांगितलंच नव्हतं. पण कटिंग शोभाच करणार. तुमच्यासमोर ती एक पॅन्ट कापते, शिवते, धुते. नाही जमलं तर बोलवा गाडी."

शोभा खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, कमरेला पण जास्त धरायचं का?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. "नको. आडवं लई आटत नाही."

तिनं आधी मापाच्या पुठ्ठ्यावर पेनानं लिहिलं, 'सुती, पायाशी दीड इंच जास्त.' मग कापलं. मी हात मांडीखाली दाबून बसले. साहेबांचे दोन चहा झाले. पॅन्ट धुतली, इस्त्रीनं वाळवली, टेप लावला. बरोबर.

"चालू द्या," साहेब म्हणाले.

आखूड पॅन्टींची खालची दुमड सोडून त्याही सावरल्या. सोमवारी ड्रेस गेले.

खांदा कधीच बरा झाला, कात्री शोभाकडंच आहे. काम दुसऱ्याला द्यायचं तर अंग धरायच्या आधी द्यावं, आणि हाताच्या सवयीसकट द्यावं. माझ्या सवयी ती अजून पुठ्ठ्यावर लिहून घेतेय. परवा दुसरा पुठ्ठा लागला.