सहादेव, इयत्ता चौथी

“अवो गुरुजी, फळा माज्या दारावर, आन् मलाच खडू धरायची बंदी? ह्यो कंचा न्याव?”

“नियम आहे, सहादेवराव. शाळेतल्या पोरांनीच लिहायचं.”

“मंग मी कवा शाळा सोडली? दाखला न्हेलाय का मी? काढा रजिस्टर!”

मच्छिंद्र गुरुजींनी हसू दाबलं. सहादेव मात्र हसत नव्हता.

हा आमच्या वाडीचा गिरणीवाला. मिरजगावच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड, आत डिझेलवरचं इंजिन. एकाहत्तर सालची गोष्ट, वाडीत तेव्हा वीज नव्हती. माणूस भुवयांपर्यंत पांढरा. बायकोला त्याचा खरा रंग फक्त पोळ्याला आणि दिवाळीला दिसायचा, गिरणी बंद असायची तेव्हा.

शाळा सुटली की पोरं दळण घेऊन त्याच्या दारात तास-तास भांडत बसायची. म्हणून गुरुजींनी तिथं शाळेतला जुना फळा टांगला. शनिवारी ते एक प्रश्न लिहायचे. पोरांनी आठवडाभर खाली उत्तरं लिहायची, नाव घालून. दुसऱ्याचं पटलं नाही तर खाली तसं लिहायचं, पण पुसायचं नाही. सहादेवानंही तसा शब्द दिला होता.

त्या आठवड्याचा प्रश्न होता : गिरणीतलं पीठ गरम का लागतं?

बन्सीनं लिहिलं, इंजिन तापतं म्हणून. गोरक्षनं लिहिलं, सहादेवतात्या आधी पीठ तव्यावर फिरवतात म्हणून. इथवर ठीक होतं. मग साळूबाईच्या सातवीतल्या पोरीनं, पुष्पावतीनं लिहिलं : ‘आई म्हणते, गरम पिठाची भाकरी थापताना चिरते. मिरजगावच्या गिरणीत पीठ गार येतं.’

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी पोरांकडून वाचून घेतलं. तीन दिवसांत रांग अर्ध्यावर आली. डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया सहादेवाच्या दारावरून, मान दुसरीकडं करून, मिरजगावच्या वाटेला लागल्या. पुसावं तर शब्द दिलेला. म्हणून तो शाळेत येऊन थडकला होता.

गुरुजींनी खरंच रजिस्टर काढलं. चौथीच्या जुन्या पानावर सहादेवाचं नाव होतं, पुढं गैरहजेरीची रांग होती, पण नाव कमी केल्याचा शेरा नव्हता. कुणा मास्तरच्या हातून राहून गेलं असावं.

“लिहा,” गुरुजी म्हणाले. “पण मग नियम तुम्हालाही लागू.”

“लागू तर लागू!”

गिरणीवर परतून सहादेवानं टोपी नीट बसवली आणि फळ्यावर लिहिलं : ‘इंजनाचा काय बी संबंध न्हाई. दगडावर दगड घासतो, त्यानं पीठ तापतंय. हात चोळून बघा. सहादेव, इयत्ता चौथी.’

दारातल्या बाया तळहात चोळून एकमेकींच्या गालांना लावू लागल्या. “व्हय की गं! खरं बोलतोय मुडदा,” लंकाबाई म्हणाली. गुरुजींनी उत्तराखाली ‘बरोबर’ लिहिलं. सहादेवानं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवलं. गिऱ्हाईक नसलं की रस्त्यानं चाललेल्या माणसाला हाक मारून दाखवलं. गंमत बघायला का होईना, गेलेली निम्मी रांग परत आली. साळूबाईसुद्धा दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन उभी राहिली.

तेवढ्यात सहादेवाचं लक्ष फळ्याकडं गेलं. त्याच्या उत्तराखाली पुष्पावतीचं टपोरं अक्षर होतं : ‘मग दगड एवढे आवळता कशाला? सैल केले तर कमी घासतील.’

एका फेऱ्यात बारीक निघावं, लवकर उरकावं, म्हणून सहादेव दगड जवळ आणायचं चाक गच्च आवळायचा. हे इतके दिवस त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. त्याचा हात खांद्यावरच्या फडक्याकडं गेला.

“ए चौथीतल्या!” रांगेतून साळूबाई ओरडली. “पुसशील तर गुरुजींची छडी खाशील!”

“पुसत न्हाई गं वैनी. पर तुजी पोर माज्या पोटावर उठलीया.”

“पोटावर न्हाई, दगडावर. कर की जरा सैल!”

सहादेवानं फडक्यावरचा हात काढला. मग आत गेला, चाक जरासं मागं फिरवलं आणि साळूबाईचीच बाजरी बारीक धारेनं सोडली. पीठ सावकाश पडू लागलं. साळूबाईनं चिमूटभर घेऊन गालाला लावलं.

“कोमट हाय. चालंल.”

“पर आता येळ लागंल. मला घाई करायची न्हाई कुनी.”

“लागू दे. फळा हाय की वाचायला.”

सहादेवानं फडक्यानं भुवया झटकल्या आणि रांगेकडं वळला.

“म्होरला डबा कुनाचा?”