चौथ्या नटावरची पिवळी रेघ

ती पिवळी रेघ मी ओढली होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ज्या माणसाला सांगायला हवं होतं ते बबनदादा गेल्या महिन्यात गेले. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असं पुरवणीच्या संपादकांनी सुचवलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. घरी येऊन कागद पुढ्यात घेतला आणि लक्षात आलं, की रेघेबद्दल न लिहिता मला दादांबद्दल काहीच लिहिता येणार नाही.

बातमी आली तेव्हा मी चाकणला कारखान्यात सेकंड शिफ्टला होतो. लाइनवर फोन चालत नाही, तो लॉकरमध्ये असतो. चहाच्या सुट्टीत उघडून पाहिला तर सुमनवहिनींचे फोन येऊन गेलेले. त्या अशा लागोपाठ फोन करणाऱ्या नव्हेत. लावला, तर म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे दादा गेले. जेवून पडले ते उठलेच न्हाईत." आवाज सरळ होता. मी लाइन दुसऱ्याकडे दिली, गाडी काढली आणि कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत तळवड्याकडे निघालो. त्या रस्त्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला तेही लिहितो, कारण आता लपवण्यात अर्थ नाही. सुटलो, असा विचार आला. आता कुणी विचारणार नाही...

बबनदादा मूळचे तळवड्याचेच. घरची जमीन होती, ती थोडी थोडी करत कारखान्यांच्या शेडखाली गेली. दादा एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर होते आणि घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने देत. मी आयटीआय करून नगर जिल्ह्यातून आलो तो त्यांतल्या एका खोलीत. लग्न झालं, मुलगी झाली, तोवर तिथेच होतो. पुढे चिखलीला फ्लॅट घेतला, पण रविवार सकाळ दादांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, हे काही सुटलं नाही. मी लाइनवर सुपरवायझर झालो त्या दिवसापासून ते मला 'साहेब' म्हणायला लागले. "या साहेब, जरा हात काळे करा, पगार हलाल हू द्या," असं म्हणून हातात रॉकेलचा डबा आणि ब्रश द्यायचे.

शेडमध्ये कायम एखादी जुनी गाडी उघडलेली असे. कुणाच्या बापाची मोपेड, कुणाच्या गोठ्यात कोंबड्यांनी घाण केलेली स्कूटर, टाकी सडलेली मोटरसायकल. दादा त्या विकायला दुरुस्त करत नसत. गाडी सुरू झाली की मालकाला बोलवायचे, एक फेरी मारायला लावायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, न्या आता. वहिनी चिडवायच्या, की लोकांची पोरं शिकून मोठी होऊन जातात, आमच्या घरातून गाड्या जातात. त्यांना मूलबाळ नव्हतं. हे त्या दोघांत चेष्टेने बोललं जाई, आणि मी तेव्हा हातातल्या ब्रशकडे बघत बसे.

दादांनी कंपनीतून एक सवय घरी आणली होती. चाकणच्या कुठल्याही लाइनवर गेलात तर दिसेल, महत्त्वाचा नट पुरता आवळला की त्यावरून खालच्या पट्टीपर्यंत रंगाच्या पेनाने एक रेघ ओढतात. रेघ आहे म्हणजे नट आवळलेला आहे, पुढच्याने पुन्हा बघायची गरज नाही. दादा तेच पिवळं पेन शेडमध्ये वापरायचे. त्यांचा नियम एकच होता, जो आवळेल तोच रेघ ओढेल. आणि त्यांच्या शेडमध्ये आवळायचं काम फक्त त्यांचं होतं. मी धुणं, घासणं, धरणं एवढ्यापुरता. लाइनवर मात्र घाईच्या दिवसांत आम्ही वेगळंच करतो. पेन हातात आहे तोवर एक जण सगळ्यांवर रेघा ओढून टाकतो, मागून दुसरा आवळत येतो. हे चुकीचं आहे हे मला ठाऊक आहे. पोरांना मी त्यावरून झापलंय, आणि महिनाअखेरीला तिकडे पाठही केली आहे.

वहिनींचे गुडघे गेले आणि त्यांना स्कूटरवर मागे बसता येईना, तेव्हा दादांनी स्कूटरला बाजूने जोडायची साइडकार शोधायला घेतली. पूर्वी अख्खं कुटुंब तिच्यात घालून लोक फिरायचे, आता दिसत नाही. कासारवाडीला एका बंद गॅरेजच्या मागे त्यांना एक सापडली, तळाला भोक पडलेली, आत बाभळीचं रोप उगवलेलं. दादांनी ती टेम्पोत घालून आणली, पत्रा बदलला, स्पंजची गादी शिवून घेतली. स्कूटरला जोडायच्या आधीच वहिनी तिच्यात बसायला लागल्या. शेडमध्ये ठोकाठोकी चालू असायची आणि त्या साइडकारमध्ये बसून मेथी निवडायच्या. "कुठवर आलो ओ?" असं मधूनच विचारायच्या. दादा पाना न थांबवता सांगायचे, "आत्ताशी मोशी."

दसऱ्याला तिची पूजा करायची आणि त्यातूनच वहिनींच्या बहिणीकडे चऱ्होलीला सोनं द्यायला जायचं, असं ठरलं होतं. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजायची आणि दसऱ्यापर्यंत उचलायची नाहीत, हा त्या घरचा कडक रिवाज. म्हणजे काम अष्टमीच्या संध्याकाळीच संपायला हवं. साइडकार स्कूटरला चार नटांनी बांधली जाते. दादांनी तीन आवळले, त्यांवर रेघा ओढल्या आणि पेन माझ्या हातात दिलं. चौथा, मागचा खालचा, मोठा होता. तो बोटांनी बसवून ठेवला होता, त्याला लागणारा पाना मात्र जागेवर नव्हता. वहिनींनी खाली पडलेले पाने टोपल्यात भरून पूजेसाठी धुवायला नेले होते, त्यात तो गेला होता. दादा तो आणायला आत गेले, तर आत भावकीतले कुणीतरी येऊन बसलेले. बोलणं जमिनीवर आलं. तळवड्यात बोलणं जमिनीवर आलं की लवकर उठत नाही.

मी शेडमध्ये उभा होतो, हातात पेन होतं. दादा येऊन आवळतीलच, असं म्हणून मी चौथ्यावरही रेघ ओढली. त्यात विचार असा काही नव्हता, हाताला वळण होतं. मग घरून फोन आला, पाहुणे आलेत म्हणून. पेन मी स्कूटरच्या सीटवर ठेवलं, दारातून दादांना हात केला आणि निघालो. भावकीतला माणूस उठून गेल्यावर दादा बाहेर आले असतील, चार नटांवर चार रेघा पाहिल्या असतील आणि आपणच काम उरकल्याचं त्यांना वाटलं असेल. एवढ्या बोलण्यातून उठलेल्या माणसाला वाटणारच. त्यांनी गाडी पुसली, वर चादर घातली. पाना आतल्या पाटावर कुंकू लावून मांडलेला होता.

एवढंच असतं तर ती चूक होती. नवमीला कंपनीत पूजा झाली, लाइन बंद होती. पेढा खात उभा असताना समोरच्या इंजिनावरच्या पिवळ्या रेघा दिसल्या आणि मला ती रेघ आठवली. फोन करायला एक मिनिट लागलं असतं. पण फोन करायचा म्हणजे, दादा, मी न आवळता रेघ ओढली, हे सुपरवायझरने फिटरला सांगायचं. ते माझ्याच्याने होईना. दादांनी आवळलाच असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि उद्या संध्याकाळी सोनं द्यायला जाऊ तेव्हा, ते चऱ्होलीला निघायच्या आत, हळूच बघू असं ठरवलं. दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन गेलो तर घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, दवाखान्यात नेलंय.

देहू-आळंदी रस्त्यावर एका वळणावर नट निघून पडला, साइडकार फिरली आणि गाडी कडेला जाऊन आडवी झाली. वेग कमी होता म्हणून निभावलं. दादांना खरचटलं. वहिनींचं उजवं मनगट मोडलं. ते जुळलं, पण नीट वळत नाही. त्यानंतर त्यांना भाकरी थापता आली नाही.

मला विसरता येत नाही तो दिवस मात्र त्यानंतरचा आहे. दादांनी माणूस पाठवून रस्त्याकडेला पडलेला तो नट शोधून आणवला होता. मी शेडमध्ये गेलो तेव्हा ते उलट्या डब्यावर बसले होते, तळहातावर नट आणि वॉशर.

"साहेब, ह्यो नट सुटला न्हाई," ते म्हणाले. "ह्यो कधी आवळलाच न्हाई. पट्टीला मी नवा रंग दिलता. आवळला असता तर वाशराखाली रंग दबला आसता. ती पट्टी बगा, रंग जसाच्या तसा हाय."

मी पाहिलं. होता.

"आन वर रेघ हाय. म्हंजी मी न आवळता रेघ मारली. मला आठवत बी न्हाई." थोडा वेळ ते नट फिरवत राहिले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आसं हुतं का वो मानसाचं?"

ती माझी वेळ होती. दारात वहिनी गळ्यात हात अडकवून उभ्या होत्या. मी म्हणालो, "होतं दादा. वय झालं की होतं असं."

त्यांनी मान हलवली. नट वॉशरसकट खिशात टाकला.

त्यानंतर शेडमध्ये गाडी उघडली गेली नाही. लोक यायचे, दादा सांगायचे, माझा हात आता भरवशाचा न्हाई, दुसरीकडं न्या. साइडकार सोडवून भिंतीकडे तोंड करून ठेवली, वहिनी तिच्यात कांदे ठेवायला लागल्या. घरात दादा गॅसचं बटण बंद केल्यावर परत जाऊन बघायचे, कुलूप लावल्यावर परत ओढून बघायचे आणि रस्त्यातून पुन्हा मागे फिरायचे. विसरण्याचा आजार आहे का म्हणून डॉक्टरांकडेही जाऊन आले. डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं, तर दादांचा डॉक्टरांवरच विश्वास बसेना. भाकरी ते स्वतः थापायला शिकले. कडा जाड आणि मध्ये कच्ची, अशी ती व्हायची. रविवारी मी गेलो की ताटात तीच भाकरी. वहिनी हसून म्हणायच्या, "खावा भाऊजी, फिटरच्या हातची हाय, तुटायची न्हाई." आणि मी खायचो. सगळी खायचो.

सांगायचं मी पुष्कळदा ठरवलं. प्रत्येक वेळी वाटायचं, रेघेचं सांगणं त्यातल्या त्यात सोपं आहे, पण 'वय झालं' असं का म्हणालो, याला काय उत्तर देऊ? जितके दिवस गेले तितकं ते दुसरंच जड होत गेलं. दादांना मनातून ठाऊक असेल, त्यांनी मला सांभाळून घेतलं असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. ते खोटं आहे. ठाऊक असतं तर त्यांनी मला आईवरून एक शिवी दिली असती, वहिनींना चहा टाकायला सांगितला असता आणि दुसऱ्या दिवशी गाडी उघडली असती. तसा माणूस होता तो. पुन्हा गाड्या उघडायला त्यांना फक्त माझं एक वाक्य हवं होतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी सवयीने शेडकडे गेलो. वहिनींनी कांदे काढून साइडकार पुसून ठेवली होती. आतून त्या ते टोपलं घेऊन आल्या, उजव्या हाताला जड जातं म्हणून डाव्या कमरेवर धरून. सगळे पाने होते, तो मोठाही. पिवळं पेन होतं, कधीच वाळलेलं. खाली चिंधीत बांधलेला नट होता.

"हे तुमी न्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्यांचा तुमच्यावरच भरवसा हुता. सोताच्या हातावर न्हवता, शेवटपातूर. मला म्हनायचे, सुमन, तुझा हात मी मोडला."

मी टोपलं घेतलं आणि घरी आलो.

ते आता आमच्या बाल्कनीत आहे. बायको विचारते, कुठे ठेवायचं हे. हा मजकूर रविवारी छापून येईल, आणि वहिनींच्या घरी पुरवणी येते. त्यांना हे कागदावर वाचायला लागू नये, म्हणून त्याआधी मला तळवड्याला जायचं आहे. तुमचा हात दादांनी मोडला नाही, चौथ्या नटावरची रेघ माझी होती, आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, एवढं मी सुमनवहिनींचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.