क्लिफर्डच्या माइल्डची चव

एनिड हॉल्रॉइडने एकतीस वर्षं पब चालवला आणि माइल्डचा एक घोटही घेतला नाही. इंग्लंडमधल्या लँकशरच्या गिरणीगावची, गिरणीकामगाराचीच पोर ती. आणि माइल्ड म्हणजे कामगारांची बिअर; काळसर, गोडूस, स्वस्त, चार ग्लास रिचवले तरी माणूस आपल्या पायांनी घरी पोचेल अशी. कुणी विचारलंच तर एनिड म्हणायची, पोटाला सोसत नाही. खरं कारण तळघरात होतं, आणि ते फक्त तिला आणि तिच्या नवऱ्याला, क्लिफर्डला, ठाऊक होतं.

लग्न करून ती पबात आली तेव्हा बावीस वर्षांची होती. तिसऱ्याच दिवशी, दुपारची गिऱ्हाइकं गेल्यावर, क्लिफर्डने तिच्या हातात बादली दिली. नळाखालच्या ट्रेमध्ये सांडलेली बिअर आणि गिऱ्हाइकांनी ग्लासच्या तळाशी सोडलेले घोट त्या बादलीत जमा करायचे. त्यात सिगारेटची राख असायची, मिशीचे केस असायचे, एकदा तर कवळीचा दात निघाला. तिला वाटलं, हे मोरीत ओतायचं. क्लिफर्डने तिला तळघरात नेलं, माइल्डच्या पिंपावर नरसाळं बसवलं, वर फडकं पसरलं आणि म्हणाला, "ओत."

थेंबही वाया घालवायचा नाही, पुन्हा विकायचा. माइल्डमध्येच का, तर ती काळी. फिकट बिअरमध्ये गढूळपणा दिसला असता. गावातले निम्मे पबवाले हेच करत. बिअरच्या कारखान्याचा तपासनीस यायचा तो पिंपाकडे पाठ करून सँडविच खायचा आणि निघून जायचा.

त्या दिवशी एनिड ओकली. पुढे एकतीस वर्षं ओतत राहिली. क्लिफर्ड काही वाईट माणूस नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. त्यामुळे राग काढायला तिला धड एक दुष्ट नवराही मिळाला नाही, नुसती बादली मिळाली.

मग बिअरचा कारखाना बंद पडला, माइल्ड गेली, क्लिफर्डही गेला. आणि गावात आठवणींचा उमाळा सुरू झाला. नॉरिस हॅस्लम आणि वॉल्टर पिकप, दोघे जुने विणकर, दिसेल त्याला धरून सांगत की क्लिफर्डसारखी माइल्ड अख्ख्या खोऱ्यात नव्हती. शेवटी शेवटी जिभेवर काहीतरी रेंगाळायचं, ते दुसरीकडे कुठे नाही. ते काय, हे एनिडला ठाऊक होतं. हे दोघे बसायचे त्या पुढच्या खोलीत बायकांना बसायची बंदी होती. यांचे उष्टे ग्लास उचलायला मात्र बाई चालायची.

अशात एका नव्या कंपनीने कारखान्याचं जुनं नाव विकत घेतलं आणि माइल्ड पुन्हा बनवली. बाटलीवर क्लिफर्डचा फोटो, खाली ओळ, 'हीच ती चव', आणि त्याखाली एनिडची सही हवी होती. कंपनीचे लीटनसाहेब स्वतः दोनदा घरी येऊन गेले. क्लिफर्डचं नाव दुकानादुकानांत जाईल, म्हणाले. एनिडने आठवडाभर उत्तर दिलं नाही. सही करायची तर न चाखलेल्या चवीची खोटी साक्ष द्यायची. नाही म्हणायचं तर कारण सांगायचं, आणि मेलेल्या नवऱ्याचं नाव मोरीत घालायचं.

शनिवारी दुपारी नव्या माइल्डची चव घ्यायला तिच्या जुन्या पबात सगळे जमले. पिंप उघडलं. नॉरिसने घोट घेतला, तोंडात घोळवला आणि मान हलवली. वॉल्टरही म्हणाला, चांगली आहे, पण ती नाही. काहीतरी कमी आहे.

लीटनसाहेबांचा चेहरा उतरला. एनिडकडे वळून ते म्हणाले, "मिसेस हॉल्रॉइड, तुमचे यजमान त्यात काही घालायचे का?"

खोलीभर म्हाताऱ्या नजरा तिच्यावर खिळल्या. भक्त देवळात बघतात तशा. त्या नजरांनीच तिचं डोकं फिरलं.

"तो नाही, मी घालायचे," ती म्हणाली. "तुमचं उष्टं. रोज एक बादली. नॉरिस, तू खोकून खोकून अर्धवट सोडलेला ग्लास असायचा ना, तो वॉल्टर प्यायलाय. आणि वॉल्टरचा तू."

आता शिव्या येतील म्हणून तिने खांदे ताठ केले. मनात म्हणाली, क्लिफर्डला जे बोलायचं ते बोला, पण एकदाचं ओका.

नॉरिस उठला. काउंटरपाशी गेला. नळाखालचा ट्रे दोन्ही हातांनी उचलून त्याने आपल्या ग्लासात रिकामा केला. फेस, कुणाचं तरी लिंबू, सगळं आत गेलं. मग तो प्यायला, हळूहळू, डोळे मिटून.

"हीच," तो म्हणाला. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. "अगं एनिड, हीच ती."

वॉल्टरने आपला ग्लास पुढे केला. मागून आणखी दोघांनी केला. ट्रे रिकामा होता, तर एकाने शेजारच्याच्या तळातला घोट मागून घेतला. एनिडला वाटलं होतं, आपण यांना किळस आणू. इतकी वर्षं ती एकटीच किळसत होती.

लीटनसाहेब कागद आणि पेन घेऊन पुढे आले. सगळेच खूश दिसताहेत, तर आता सही करायला हरकत नसावी, असं त्यांनी चाचरत विचारलं.

"क्लिफर्डचा फोटो काढून टाका बाटलीवरून," एनिड कोट चढवत म्हणाली. "यांचे छापा. माल यांचाच होता."